उत्पादनाचे चार घातक

१४ जून

आणि वर मलेच म्हणते, "भाऊ, तुले कॉलेजातलं काय समजते?"

नसन समजत. आठवीत मी दप्तर खुंटीले टांगलं ते टांगलंच. पण बस समजते, भंडाऱ्याचा स्टँड समजते, तिथं आटोवाले कसे पायावर चाक घालतेत तेही समजते. तृप्तीले उजेड-अंधार दिसते. समोर काहीतरी उभं आहे एवढं दिसते. तो माणूस आहे की खांब, हे आवाज आल्यावर. खांब आवाज देत नाही, हे मी तिले दरवेळी सांगतो. ती म्हणते, "माणसंही कुठं देतेत?"

असं उलटून बोलणं बारावी पास झाल्यापासून वाढलं.

आंधळगावच्या शाळेत तिचं चांगलं चाललं होतं, कारण तुलाराम गुरुजी होते. पाचवीपासून त्यांनीच तिले पहिल्या बाकावर बसवलं, नव्या मास्तरले समजावलं, परीक्षेत तिचं सांगणं लिहून घ्याले खालच्या वर्गातला पोट्टा धरून आणला. तिले कधी तोंड उघडावं लागलं नाही. कॉलेजात कोण आहे? म्हणून मी म्हणलं, घरीच बसून बाहेरून परीक्षा दे. तर चार दिवस फोन नाही.

शेवटी मायनं तोडगा काढला. काकाची रुपाही भंडाऱ्याले बी.ए.ले नाव टाकीन, हात धरून नेईन, हात धरून आणीन. रुपाचं भाडं मी देईन. आणि पहिल्या परीक्षेत तोंडावर पडली तर कॉलेज बंद, तृप्ती घरी. मी हो म्हणलं. तृप्तीही हो म्हणली, पण अशी की जसं मीच हरलो.

२२ जून

ही डायरी टाइल्सच्या कंपनीनं दिवाळीत मिठाईच्या जागी दिली होती. कैलाशनं आपली किराणेवाल्याले देऊन टाकली. मीही देणार होतो. तृप्ती म्हणली, "लिहत जाय ना, हाताले वळण राहते." तिले माह्या हाताच्या वळणाचं काय पडलं आहे?

कैलाश बपेऱ्याचा. इथं गुजरातेत मोरबीले आमच्या खोलीत आपल्या जिल्ह्याचे दोघंच, म्हणून त्याचं घोरणं सहन करतो.

आज नवीन काम लागलं. तृप्तीच्या मोबाईलमध्ये पुस्तक वाचणारं यंत्र आहे, पण तिचं म्हणणं की ते अर्थशास्त्र सर्दी झाल्यासारखं वाचते. तर तिनं पुस्तकाची दुसरी प्रत पोस्टानं मलेच पाठवली. "एकेक पाठ वाच, आवाज भर, धाड." मी म्हणलं, रुपा वाचन ना. तर म्हणते, "रुपा वाचता वाचता झोपते."

खाण्याच्या सुट्टीत गोदामामागं टाइल्सच्या खोक्यांच्या आडोशाले बसून पहिला पाठ वाचला. जोडाक्षर आलं की थांबतो, मनात फोडतो, मंग बोलतो. दोन पानांत घाम आला. भट्टीपाशी एवढा येत नाही.

३ जुलै

पहिला दिवस झाला. रुपानं सारं फोनवर सांगतलं आणि माहं डोकं फिरलं.

वर्गात एकेकाले उभं करून नाव-गाव विचारलं. ज्याची मले भीती होती तेच. आमच्या गावाच्या नावावरून मी मोहाडीच्या बाजारात दोनदा आणि एका लग्नाच्या पंगतीत एकदा मारामारी केली आहे. आंधळगावची आंधळी. म्हणणाऱ्याले दात दाखवता येत नाही असं करून सोडलं.

तृप्ती उभी राहिली अन् म्हणली, "मी तृप्ती, आंधळगावची. गावाचं नाव साऱ्यांचं हाय, पण सर्टिफिकेट फक्त माह्यापाशी हाय."

रुपा म्हणे, आधी कोणाले समजलंच नाही, मंग सारा वर्ग हसला, मॅडमही हसल्या, आणि दोन पोरी मधल्या सुट्टीत येऊन तृप्तीजवळ बसल्या.

मी तृप्तीले फोन केला. म्हणलं, मी ज्याच्यासाठी लोकांचे दात पाडले ते तू फुकटात वाटून राहिली का?

म्हणते, "तू दात पाडले तं एकही जण माह्याजवळ बसाले आला होता का? उलटे पयाले."

हे काही उत्तर नव्हे.

९ जुलै

कॉलेजात अशा पोरांसाठी एक खोली आहे. तिथं शकुंतला मॅडम बसतेत. अर्थशास्त्रही त्याच शिकवतेत. तृप्ती त्यांचं बोलणं मले जसंच्या तसं ऐकवते, आवाज काढून. "बाळ, शाळेत तुझ्याबद्दल तुझे गुरुजी बोलायचे. इथे तुझं तूच बोलायचं. काय हवं ते सांगितलं नाहीस तर आम्हाला कळणार कसं?"

मी म्हणलं, एवढं शिकलेले लोक आणि पाहून समजत नाही?

"पाहूनच तं समजत नाही भाऊ. पाहून सारे म्हणतेत, बिचारी."

त्याच मॅडमनं तिले पांढरी काठी दिली. घडी होणारी, टोकाले गोटीसारखं फिरतं चाक. हे मले पसंत नाही. गावात ती विहिरीपासून तलावाच्या पाळीपर्यंत बिनकाठीनं जाते. काठी हातात आली की लोक लांबूनच ओळखतेत. मी म्हणलं, रुपाचा हात आहे ना?

तर म्हणते, "ही काठी नाही. नंदी हाय माहा. आयक." आणि फोन खाली नेऊन फरशीवर चाक फिरवलं. खडखड, खडखड.

मले एकदम पोट्ट्यांचा तान्हा पोळा आठवला. आमचा लाकडी नंदी होता, एका चाकाचा खिळा ढिला. मी दोरी धरून पुढं, ती त्या खडखडीच्या मागं, घरोघरी बोजारा मागत. कोणी पैसे देई, कोणी लाडू. तिचा हात धरावा लागत नव्हता. चाक वाजे तिकडं ती वळे.

पण तो खेळ होता. भंडाऱ्याचा रस्ता खेळ नाही. मी फोन ठेवून दिला.

१६ जुलै

पाणी चांगलं लागलं, धानाची रोवणी सुरू झाली. काकानं रुपाले बांधीत उतरवलं. बाया मिळत नाहीत, पोट्टीले कॉलेजात कोण धाडते? पंधरा दिवस रुपा नाही म्हणजे तृप्तीही नाही. मायनं तसं सांगूनही टाकलं.

तृप्ती भांडली नाही. मले बरं वाटलं, समजली एकदाची. मी म्हणलं, मी पाठ जास्त भरून धाडतो, घरीच अभ्यास कर.

"हाव," म्हणली. "तिसरा पाठ झाला ना? मंग सांग बरं, मागणीचा नियम काय?"

हे तिचं आणखी एक. मी वाचायचं आणि वरून तिनं मलेच विचारायचं. मी म्हणलं, किंमत वाढली की मागणी कमी होते.

"अन् कोणती गोष्ट असली की होत नाही?"

मीठ, म्हणलं मी. हे पुस्तकात होतं का मी मनानं सांगतलं, आठवत नाही. ती मात्र खूश झाली.

१७ जुलै

गेली. एकटी.

सकाळी पॅकिंगवर होतो, मायचा फोन. "पोट्टी गेली रे. मी परसात होती तं सकाळच्या बसनं गेली. ते काठी घेऊन." तृप्तीले फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. दुपार आली तरी बंद.

मी कैलाशले म्हणलं, मिस्त्रीले काहीही सांग. पिशवीत दोन कपडे टाकले आणि स्टँडवर गेलो. वांकानेर स्टेशनवरून नागपूरकडची गाडी मिळत नाही का, नाही मिळाली तर अहमदाबादहून धरू, असा हिशेब. दीड दिवसानं भंडाऱ्यात पोहोचून काय करणार होतो, तो हिशेब नव्हता.

बस लागली आणि फोन वाजला.

"भाऊ, एवढ्या वेळा कायले लावला? वर्गात बंद ठेवा लागते."

"तू कुठं हाय?"

"कँटीनमध्ये. समोसा खाऊन राहिली. तिखट हाय." मंग म्हणली, "तू कुठं हाय? मागं बसवाला ओरडून राहिला."

"मिस्त्रीनं बोल्ट आणाले धाडलं."

"बसनं?"

"लांब भेटतेत इथं."

"मंग बोल्ट घेऊन वापस जाय. अन् पिशवी नेली असन तं त्यात टाक."

पिशवीचं तिले कोणी सांगतलं? कैलाश शपथेवर नाही म्हणते.

संध्याकाळी घरी पोहोचल्यावर तिनं सारं सांगतलं. कंडक्टरले आधीच सांगून ठेवलं होतं. स्टँडवर उतरल्यावर एका काकानं न विचारता दंड धरून तिले रस्ता ओलांडून दिला. तिले ओलांडायचाच नव्हता. "ते काका लय खूश झाले, म्हणून मी काही बोलली नाही. गेल्यावर परत ओलांडला."

मी रागावलो होतो. पण मंग कैलाशले ती गोष्ट सांगतली तेव्हा मलेच हसू आवरलं नाही.

माय बोलत नाही तिच्याशी. पण रुपा म्हणे, उद्याच्या भाकरी मायनं आताच बांधून ठेवल्या.

३१ जुलै

हे लिहू का नको, असं झालं आहे.

आज वर्गात मॅडमनं तृप्तीले विचारलं, उत्पादनाचे घटक कोणते? ती उभी राहून खणखणीत म्हणली, "उत्पादनाचे चार घातक हायेत. भूमी, श्रम, भांडवल आणि संघटन."

सारा वर्ग हसला. यावेळी तिनं हसवलं म्हणून नाही.

चूक माही. मी पुस्तक काढून पाहिलं. घटक लिहिलं आहे, चांगलं ठळक. आणि मी सगळ्या पाठात घातक, घातक वाचलं. जमीन हा पहिला घातक, श्रम हा दुसरा घातक. एकदाही मले खटकलं नाही.

"तुलेही खटकलं नाही का? शाळेत घटक चाचणी घटक चाचणी आयकली होती ना?"

"खटकलं. मले वाटलं, पुस्तकवाल्याले तसंच म्हणाचं असन. तू एवढं मनापासून वाचून राहिला होता."

मॅडम काय म्हणल्या, विचारलं.

"त्यांनी विचारलं, हे कुठे वाचलंस? मी म्हणली, माह्या भावानं वाचलं, तो कारखान्यात हाय. तं म्हणल्या, मग त्याचं बरोबर असेल. परीक्षेत मात्र घटक सांग."

ती हसत होती. मले हसू आलं नाही. पहिल्या परीक्षेवर तिचं कॉलेज टांगलेलं आहे, आणि तिले पाडणारा मीच निघालो. आठवी नापास माणसानं बी.ए.चं पुस्तक वाचायचं म्हणजे हेच होणार. मी सांगून टाकलं, आजपासून बंद. त्या सर्दीवाल्या यंत्राकडून वाचून घे.

४ ऑगस्ट

चार दिवस सुट्टीत नुसता बसलो. खोक्यांच्या आडोशाले दुसरं कोणी बसलं नव्हतं, तरी मी तिकडं गेलो नाही.

कैलाशले घातकची गोष्ट सांगतली. तो जेवता जेवता थांबला. "चुकलं कुठं बे? जमिनीच्या भांडणात माहा काका गेला. श्रमानं तुह्या अंगठ्याचं नख खाल्लं. भांडवल मालकापाशी. चौथं कोणतं?"

"संघटन."

"ते मागच्या कारखान्यात केलं होतं, म्हणून तं इथं आलो."

त्यानंच तिरुपूरचं काढलं. कपड्याच्या कारखान्यात माणसं पाहिजेत, रोज जास्त आहे, दोघंही जाऊ. पुणे, सुरत, हैदराबाद असं मी सारखं बदलत आलो, कुठं सहा महिने काढले नाहीत. माय म्हणते माह्या पायाले भोवरा आहे. इथं वर्ष होत आलं. मी कैलाशले म्हणलं, पुढच्या महिन्यात पाहू, आता पुस्तक अर्धं झालं आहे.

"पण तू तं बंद केलं ना?"

हो, बंद तर केलं होतं. पण अर्धं राहिलं आहे हेही खरंच.

६ ऑगस्ट

रुपाचा फोन होता. रोवणी संपली, ती पुन्हा कॉलेजात जाते, पण तृप्तीच्या आधीच्या बसनं, कारण तिच्या मैत्रिणी त्या बसनं जातेत. बोलता बोलता म्हणली, "तृप्ती इतिहास, राज्यशास्त्र, सारं त्या मोबाईलवरच आयकते. एवढं भरभर, की मले अक्षरही समजत नाही."

मंग अर्थशास्त्रच माह्याकडून कायले? ते यंत्राले जमत नसन. आकडे असतेत त्यात.

तृप्तीले फोन केला. म्हणलं, वाचतो. पण चुकलं तर सांगजो.

"शब्दाखाली बोट ठेव," म्हणली, जशी तीच गुरुजी. "घाई नको करू. अन् आवाज मोठा ठेव. मागच्या पाठात नफ्याच्या मधात मागं येणारा ट्रक वाजला."

८ ऑगस्ट

चाचणीत तिचं सांगणं लिहून घ्याले माणूस पाहिजे. मी न राहवून तुलाराम गुरुजींले फोन केला, म्हणलं, कॉलेजात एकदा शब्द टाका.

गुरुजी म्हणले, "ती आली होती घरी. म्हणे, गुरुजी, आता तुमी बोलू नका, कसं बोलाचं तेवढं शिकवा. मी साहेब झालो, ती माह्यापुढं उभी. तीनदा बोलवून घेतलं. तिसऱ्यांदा मीच हो म्हणून बसलो."

आज ती खरंच गेली. कचेरीतला बाबू म्हणाला, "घरचं मोठं माणूस घेऊन या." ती म्हणली, "अठराची झाली, घरातली मोठी मीच हाय आज." मंग नियम काय, लेखनिक कोणता चालते, जादा वेळ किती, सारं बोलली. बाबूले माहीत नव्हतं, त्यानं मॅडमले विचारलं, मॅडम म्हणल्या, ती म्हणते ते बरोबर आहे.

लेखनिक म्हणून बारावीतली एक पोरगी तिनंच शोधली, बसमधली. अक्षर कसं आहे म्हणून मी विचारलं. म्हणते, "मले काय माहीत? लोक म्हणतेत चांगलं हाय."

मायनं विचारलं, "अन् नापास झाली तं?" तृप्ती म्हणे, "तं घरी बसन. ठरलं हाय ना." माय चुलीकडं तोंड करून म्हणली, "ठरवलं कोणी होतं, मले आठवत नाही."

१३ ऑगस्ट

आज अर्थशास्त्र. कैलाश दुपारपासून विचारून राहिला, "आपली घातक चाचणी कशी झाली?" आपली म्हणे.

पहिलाच प्रश्न, उत्पादनाचे घटक स्पष्ट करा. तृप्तीनं लिहिणाऱ्या पोरीले आधी बजावलं, "घ, ट, क. नीट लिहजो, आमच्या घरात या शब्दाचा इतिहास हाय."

श्रमाचं उदाहरण तिनं टाइल्सच्या खोक्यांचं दिलं. एक खोका किती जड, किती वेळा उचलायचा. हे मी तिले कधीतरी कुरकुर करताना सांगतलं असन. तेवढं तिनं ध्यानात ठेवलं.

२० ऑगस्ट

पास. अर्थशास्त्रात वर्गात दुसरी. मी खोलीतल्या साऱ्यांले गाठिया आणि जिलेबी चारली. एकानं विचारलं, "तेरा रिजल्ट आया क्या?" कैलाश म्हणे, "और किसका?"

मायनं फोन घेतला. वाटलं रडन. म्हणली, "ते तृप्ती पेटी उपसून राहिली कालपासून. तुही शाळेची टीसी शोधून काढली. मी म्हणलं कायले, तं म्हणे राहू दे माह्यापाशी."

तिले माही टीसी कशाले पाहिजे, काही समजत नाही. तीन दिवसांपूर्वी पोस्टानं आणखी एक पुस्तकही आलं. भूगोलाचं. वर दहावी लिहिलं आहे. म्हणे, हेही वाचून धाड, पाया पक्का पाहिजे. बी.ए.ले दहावीचा भूगोल कशाले लागते? पण नकाशे चांगले आहेत. मोरबी सापडली. आंधळगाव नाही, पण वैनगंगा आहे, मी बोटानं भंडाऱ्यापर्यंत गेलो.

कैलाश एकटाच तिरुपूरले जातो म्हणते. मी म्हणलं, जाय. मंग तोही नाही गेला.

२३ ऑगस्ट

आज तान्हा पोळा.

कॉलेजात ती काठी घेऊन जाते, पण गावात आजवर कधी काढली नव्हती. बसमधून उतरली की घडी करून पिशवीत. मले वाटे, माहं ऐकते.

आज रुपानं व्हिडिओ लावला. चौकात पोट्ट्यांची रांग, लाकडी नंदी सजवलेले, आणि रांगेच्या शेवटी ही एवढी मोठी घोडी, नवा ड्रेस घालून. काठीले झेंडूची माळ, मुठीवर मायच्या जुन्या लुगड्याची झूल, वर बेगड. साऱ्या गावासमोर. खडखड करत निघाली. माय दारात आरती घेऊन उभी. काठीले कुंकू लावलं, चाकावर पाणी टाकलं, मंग पदर तोंडाले लावला. हसत होती का काय, व्हिडिओ हलत होता.

पोट्टे झडत्या म्हणत होते. तृप्तीनं आपली म्हणली:

"नंदी माहा पांढरा, त्याले एकच पाय,
भाऊ गेला मोरबीले, बोजाऱ्याचं काय?"

सारे ओरडले, हर हर महादेव. एक म्हातारी म्हणली, "बोजारा घेते तं नंदी दाखव, वो पोट्टी." तृप्तीनं काठी तिच्या पायापर्यंत नेली, हलकेच टेकवली, म्हणली, "दाखवला." बरोबर तिच्याच पायापाशी.

मंग फोन तिच्या हातात आला.

"भाऊ, साऱ्यांनी देला. तुहाच बाकी हाय."

मी म्हणलं, या महिन्याचं धाडतोच आहे, त्यात रुपाचं भाडंही आहे.

"रुपाचं भाडं तिचा बाप देईन. ती माह्यासाठी जात नाही आता. ते नको."

"मंग तुले पाहिजे तं किती?"

"मले नाही. नंदीले. अन् नंदीले जेवढं देतेत तेवढंच. जास्त धाडले तं वापस करीन."

मागं कुठंतरी चाक वाजत होतं. ती बोलता बोलता चालत होती, घराकडं की तलावाकडं ते मी विचारलं नाही.

मोबाईलवरून पैसे धाडताना खाली कशासाठी ते लिहायची जागा असते. आजवर तिथं मी लिहिलं होतं, रुपाले सोडू नको, रस्ता पाहून, एकटी फिरू नको. आज बोट ठेवून एकेक अक्षर पाहून लिहिलं, नंदीचा बोजारा. धाडले एकवीस रुपये.